पिल्लं कुणाला द्यायची?

परवा आमचे चिरंजीव शाळेतून येताना खोक्यात चक्क सरडगुहिरा घेऊन आले! दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, लांबलचक जीभ फेकून किडा टिपणारा. विषारी मुळीच नसतो, तरी माझी घाबरगुंडीच उडाली. पोट फुगलेलं, म्हणजे मादी असावी.

"आई, अंडी घालू दे ना! पिल्लं मित्रांना वाटू."

माझंही मन पाघळलं. एक मोठी कुंडी रिकामी केलीसुद्धा.

रात्री मात्र हिशेब मांडला. मादी मातीत दहा-वीस अंडी पुरते. ती फुटायला कित्येक महिने लागतात. पिल्लांना रोज बारीक, जिवंत किडे हवेत. शिवाय हे जीव एकएकटे राहणारे. मित्रांच्या घरी डब्यात कोंडून किती जगतील? आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला पकडणं, पाळणं गुन्हाच! शाळेत मुलांना 'प्राण्यांवर दया करा' शिकवणारी मी, घरी हे करणार?

सकाळी वनरक्षकांना कळवलं. ते आले, आणि जिवतीबाहेर जिथं ती सापडली, त्याच झुडपावर तिला सोडली. चिरंजीव मुसमुसत होते. ती डुलत डुलत फांदीवर चढली, तशी हळूच विचारतात, "आई, आता पिल्लं इथंच होतील ना?"

"हो रे राजा," म्हटलं. कुंडीत आता कोथिंबीर पेरलीय.