तळीरामाची बिरुदे

सुरापानाची गणना स्मृतिकारांनी पंचमहापातकांत केली. परंतु मराठी बोलीने या पातक्याचे जेवढे लाड केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाचे केले असतील. तो 'झिंगतो', 'तर्र' होतो, 'टुन्न' असतो. त्याचे 'विमान' सुटते, आणि मात्रा फारच झाली की 'टांगा पलटी, घोडे फरार'! आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर टांगे आता दुर्मिळ झाले. गुत्त्याच्या दारात मात्र रोज रात्री एखादा उलटतोच. वजनमापांचेही तेच. 1956 च्या कायद्याने शेर-पावशेर मागे पडले, तरी अर्धा पावशेर म्हणजे जी 'नवटाक', ती या एका व्यवहाराने जिवंत ठेविली आहे. 'बेवडा' तर मूळचा माणूसच नव्हे. दोनदा गाळलेल्या दारूचे ते नाव. ती पिणाऱ्याच्या अंगी इतकी मुरली की नावही त्यालाच जडले.

या शब्दांची योजना मात्र मोठ्या हिशेबाने होते. हमाल 'ढोसतो', कारकून 'पितो' आणि आम्ही पांढरपेशे 'घेतो'. काय घेतो, हे विचारावयाचे नसते. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या बिअरला तर आमचे कित्येक स्नेही दारू म्हणावयासही तयार नाहीत. त्यांचे आमंत्रण 'बसू या' एवढेच. वाक्यातून कर्मच गाळल्यावर कर्त्याला दोष कोण देणार?

राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणिले. त्यात धुळीस मिळतो तो सुधाकर वकील, आणि भोगते ती सिंधू. पण मराठीने उचलला कोण? आर्यमदिरामंडळात रमणारा तळीराम! एकतीस डिसेंबरच्या रात्रीनंतर वर्तमानपत्रे 'तळीरामां'वरील कारवाई छापतात आणि वाचक गालांत हसतो. 'त्याचा सुधाकर झाला' असे कोणी म्हणत नाही.

एवढ्या मोठ्या कोशात घरधनिणीने घडविलेला एकही शब्द आम्हांस आढळला नाही. 'तर्र' आणि 'टुन्न' यांतील अंतर जिन्यावरच्या पावलांवरून तिला कोणाही विनोदवीरापेक्षा अचूक कळते. परंतु ती शेजारणीला "आज घेऊन आलेत" इतकेच सांगते, आणि मुलांना आतल्या खोलीत पाठविते. 'घेणे' हा आमचा सभ्य शब्दच तिला वापरावा लागतो. कारण अब्रू तिलाही झाकावयाची असते.

अपवाद एकच. गुत्त्यावर कोणी 'आडवा झाला' की हशा पिकतो. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या अथवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी विरुद्ध मत दिल्यास तेथील दारूचे दुकान बंद होते. या मतदानाच्या चिन्हांत एक बाटली उभी असते, एक आडवी. "आम्ही बाटली आडवी केली," असे त्या गावांतल्या बायका सांगतात.