शंभर टक्के

माझा पहिला पेन ड्राइव्ह २५६ एमबीचा होता. २००५ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला, दोरीत ओवून गळ्यात मिरवलेला. घरी डीटीपी करायचं, फाइल त्यात भरायची आणि सायकलवरून प्रेसवर न्यायची. घरचा कॉम्प्युटर जुना, त्याच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम एक एमबी. ड्राइव्ह भरेपर्यंत आईच्या पोळ्या लाटून व्हायच्या. पण पडद्यावरची कॉपीची पट्टी भरली की फाइल पोचलेली असायची. विंडोज अशा ड्राइव्हवर हातचं न राखता लगेच लिहून टाकायचं. ओढला की निघालो.

२००९ मध्ये लिनक्सवर आलो आणि हीच सवय नडली. दिवाळी अंकाची पानं कॉपी केली, पट्टी डोळ्यांदेखत सरसर भरली. काय वेग आहे, म्हणत ड्राइव्ह उपसला. प्रेसवर फाइल उघडेना. प्रेसचे काका काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

लिनक्स फाइल आधी मेमरीत घेतं आणि मग सवडीने ड्राइव्हवर उतरवतं. पट्टी सांगते ती मेमरीपर्यंतची बातमी. चेक पेटीत टाकला म्हणजे पैसे जमा झाले असं नव्हे, तसंच. मोकळ्या मेमरीचा साधारण पाचवा हिस्सा अशा न उतरलेल्या मालासाठी वापरायला त्याला मुभा असते. मशीनला मेमरी भरपूर आणि ड्राइव्ह स्वस्तातला, म्हणजे थाप तेवढीच मोठी. पट्टी नव्व्याण्णववर अडकते तेव्हा कॉम्प्युटर गोठलेला नसतो, उधारी फेडत असतो. तेव्हापासून टर्मिनलमध्ये 'सिंक' लिहितो आणि कर्सर परत येईपर्यंत ड्राइव्हला हात लावत नाही.

खरी परीक्षा बाबांच्या भजनांच्या वेळी झाली. त्यांच्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या होत्या, नव्वद जीबी. बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला गेलो की दहा-बारा मिनिटांत डिस्क गायब. कर्नलची रोजनिशी, म्हणजे 'डीमेसेज', उघडली तर रीसेटच्या ओळींची रांग आणि अधूनमधून 'एरर उणे ७१'. याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर आणि डिस्क या दोघांचं बोलणं मध्येच तुटतंय. का, ते ती सांगत नाही. मी डिस्कवर संशय घेतला, मग कर्नलवर. वीज वाचवण्यासाठी पोर्टला झोपवणारी सोय बंद केली. नवा यूएएस ड्रायव्हर काढून जुना लावला. चार रात्री गेल्या. हुशारीची चैन म्हणतात ती हीच.

पाचव्या रात्री 'एलएसयूएसबी'ला 'टी' जोडून पाहिलं. कोण कुठे जोडलंय आणि कुठल्या वेगाने, याचा तो वंशवृक्ष. डिस्कपुढे ४८० मेगाबिट. यूएसबी ३ च्या डिस्कला हवे होते ५०००. मग केबल हातात घेऊन पहिल्यांदाच नीट बघितली. ती डिस्कची नव्हतीच! फोनच्या चार्जरची होती. डिस्कचं भोक रुंद, दोन भागांचं. फोनची चिंचोळी पिन त्यातल्या एका भागात बेमालूम बसते. डिस्क चालते, पण यूएसबी २ च्या वेगाने. शिवाय ही केबल लांब, तारा बारीक; डिस्कची मोटर फिरवायला लागणारी वीज वाटेतच थोडी गळायची.

डिस्कची मूळ केबल कपाटात सापडली. लावली, तरी पुन्हा ४८०. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये जुने चार आणि आत पाच जादा संपर्क असतात. प्लग बिचकत, हळूहळू खोचला तर जुने आधी टेकतात आणि कॉम्प्युटर तेवढ्यावरच समजूत करून घेतो. काढून मागच्या निळ्या पोर्टात एका दमात दाबला. ५०००.

नव्वद जीबी पंधरा-सोळा मिनिटांत गेले. 'सिंक'सह. ती लांब केबल परत फोनच्या चार्जरला लावली. तेवढं काम ती चोख करते.