तुलनेचा गट कुठे आहे?

वाचकहो, आपल्या घरात अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला आले असेल, तर पुढील मजकूर वाचताना मन थोडे जड होईल. तरीही तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

1984 च्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, पहिल्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणाचा दिवस ठरला होता, ओटीचे खण आणून ठेवले होते. एका पहाटे अचानक तिला कळा सुरू झाल्या. गावातल्या गावात धावपळ करून, वाहन मिळवून, चाळीसेक किलोमीटरवरील सोलापूर गाठेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. तेथे पोहोचल्यावर तासाभरात मुलगा झाला. तो रडला, त्याने डोळे उघडले. पण प्रत्येक श्वासाबरोबर त्याची इवलीशी छाती आत ओढली जात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. नाव ठेवण्याइतकेही दिवस त्याला मिळाले नाहीत. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, असे म्हणतात, मग आमचेच कसे गेले?’ हा प्रश्न आमची आई पुढे कित्येक वर्षे स्वतःलाच विचारत राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो, आणि तो गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत तयार होतो, हे मी फळ्यावर आकृती काढून दरवर्षी सांगत आले. दरवर्षी त्या आकृतीपाशी माझा खडू क्षणभर थांबत असे. विद्यार्थ्यांना त्याचे कारण कधी कळले नाही.

निवृत्तीनंतर, 2021 साली, अक्काच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती डॉक्टर आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. ‘मावशी, आयुष्यभर पेपर तपासलेस. आता माझे थोडे तपासून देशील का?’ तिच्या गटाने एक प्रश्न हाती घेतला होता. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची चाहूल लागलेल्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी, लहान गावातच काय केल्याने बाळाचा जीव वाचण्याची शक्यता वाढते? या विषयावर जगभरात झालेले सगळे अभ्यास शोधून, ठरलेल्या कसोट्यांवर पारखून, त्यांचे एकत्रित उत्तर मांडायचे होते. यालाच पद्धतशीर आढावा म्हणतात. माझ्या वाट्याला पहिली चाळणी आली होती. प्रश्न ऐकल्यावर मी होकार देण्यास फार वेळ घेतला नाही, हे आपण समजू शकाल.

पद्धतशीर आढावा आणि आपण नेहमी वाचतो तो आरोग्यविषयक लेख, यांत मूलभूत फरक आहे. लेख लिहिणारा आपल्याला पटलेले अभ्यास निवडतो. आढाव्यात मात्र प्रश्न, शोधाची पद्धत आणि निवडीचे निकष हे सारे काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवायचे असते, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे नियम बदलता येत नाहीत. शिवाय प्रत्येक अभ्यास किमान दोघांनी, एकमेकांना न विचारता, तपासायचा असतो. पूर्वी हे काम कागदांच्या चळतींवर चाले. आता त्यासाठी खास सॉफ्टवेअर आहे. कोव्हिडन्स हे त्यांतील एक प्रसिद्ध नाव. आमच्या गटाने रय्यान हे कतारमध्ये विकसित झालेले सॉफ्टवेअर वापरले. पडद्यावर एका अभ्यासाचे शीर्षक आणि सारांश दिसतो. आपण तीनपैकी एक निर्णय द्यायचा: घ्यावा, वगळावा किंवा कदाचित. जोवर गटप्रमुख पडदा उघडत नाही, तोवर जोडीदाराने काय ठरवले हे आपल्याला दिसत नाही. परीक्षेत दोन परीक्षकांनी एकच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासावी, तसा हा प्रकार आहे.

माझा जोडीदार कलबुर्गीचा एक तरुण डॉक्टर होता. आमच्या अक्कलकोटच्या बाजारात मराठी आणि कानडी एकाच पिशवीतून घरी येतात, त्यामुळे आमचे बोलणे दोन्ही भाषांत मिसळून चाले. रोज दुपारी, जेवणानंतरच्या निवांत वेळी, मी पंचवीस-तीस सारांश वाचत असे. काही आठवड्यांनी भाचीने पडदा उघडला आणि आम्हा दोघांचे मतभेद एका यादीत समोर आले. त्यांतील पुष्कळसे माझ्यामुळे होते.

एका सारांशात असे होते: एका रुग्णालयाने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीसाठी नवी व्यवस्था सुरू केली आणि त्यानंतर तेथे जन्मलेली बहुतेक बाळे सुखरूप घरी गेली. मी तो अभ्यास मोठ्या आनंदाने घेतला होता. जोडीदाराने तो वगळला होता आणि शेजारी टीप लिहिली होती, ‘मॅडम, तुलनेचा गट कुठे आहे?’ मला राग आला. बाळे वाचली आहेत आणि हा मुलगा गट शोधतो आहे! रात्री पुन्हा वाचले तेव्हा त्याचे म्हणणे कळले. ती व्यवस्था नसती तर त्यांतील किती बाळे वाचली असती, हे त्या लेखात कोठेच नव्हते. नवी इमारत, नवे डॉक्टर, कमी गंभीर रुग्ण, यांपैकी कशानेही तसेच चित्र दिसले असते. आमच्या निकषांत तुलनेची अट स्पष्ट लिहिलेली होती आणि मी ती वाचलेलीही होती. तरीही माझे बोट ‘घ्यावा’वर गेले, कारण बाळे वाचल्याची बातमी मला हवी होती. सदतीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ माझ्याऐवजी निर्णय देत होती.

दोघांनी स्वतंत्रपणे तपासण्याचा नियम कशासाठी आहे, हे मला त्या रात्री उमगले. एकट्या माणसाचा प्रामाणिकपणा पुरेसा नसतो. त्याची इच्छा त्याच्याही नकळत काम करीत असते.

माझा अगदीच निरुपयोग झाला, असे मात्र नाही. दोन वेगवेगळ्या नियतकालिकांतले दोन लेख जोडीदाराने दोन अभ्यास म्हणून घेतले होते. मला मात्र ते ओळखीचे वाटले. तेच रुग्णालय, तेच महिने, स्त्रियांची संख्याही तीच. एकच अभ्यास दोनदा छापला होता. उत्तरपत्रिकांतील नक्कल पकडण्याची जुनी सवय तेथे कामी आली. तसे झाले नसते, तर त्याच स्त्रिया हिशेबात दोनदा मोजल्या गेल्या असत्या.

या कामाच्या निमित्ताने मी एक जुनी हकीकत वाचली. ती आपल्यालाही ठाऊक असावी. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स आणि हाउवी या दोन डॉक्टरांनी 1972 साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांत प्रसूती होणार असलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि श्वासाचा त्रास कमी होतो, असे तीत आढळले. पुढील काळात आणखी चाचण्या झाल्या. काहींत फायदा ठळक दिसला, काही इतक्या लहान होत्या की त्यांतून निश्चित काही निघेना. 1989 पर्यंत त्या सगळ्यांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला नाही आणि त्यामुळे बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या उपचाराचा प्रभाव कळलाच नाही. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने हीच आकृती आपले बोधचिन्ह म्हणून घेतली. त्यातील प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी, मधली उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’, आणि खालचा लहानसा चौकट-आकार म्हणजे सर्व चाचण्यांचे मिळून उत्तर. तो उभ्या रेघेच्या डावीकडे, म्हणजे जीव वाचवण्याच्या बाजूला आहे. ते चिन्ह पाहताना 1984 हे साल 1972 आणि 1989 यांच्या मध्ये येते, एवढेच माझ्या मनात आले.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर सोपी झाली असती. पण पुढचा भाग आपल्याच परिसरात घडला. हे इंजेक्शन गावोगावी पोहोचवले तर काय होते, हे पाहण्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. त्यात आपले नागपूर आणि सीमेवरील बेळगाव ही केंद्रे होती. 2015 साली तिचा निष्कर्ष आला तेव्हा जग चपापले. लहान वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सर्व बाळांचा एकत्र विचार करता, जेथे इंजेक्शनाचा प्रसार केला त्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे 27.4 नवजात बालके दगावली, तर इतरत्र 23.9. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही अधिक आढळली. दिवस नेमके किती भरले आहेत, हे ठरवणे खेड्यांत अवघड होते, आणि इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे प्रत्यक्षात तितकी लहान नव्हती.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील 29 रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय त्यातही होते. या वेळी गर्भाचे दिवस सोनोग्राफीने निश्चित केले होते आणि बाळाची काळजी घेण्याची सोय होती. 2852 स्त्रिया सहभागी झाल्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार इंजेक्शन मिळालेल्या गटात 19.6 टक्के नवजात बालके दगावली, तर न मिळालेल्या गटात 23.5 टक्के. त्याच वर्षी कॉक्रेनचा आढावा नव्याने मांडला गेला, तेव्हा त्यात 27 चाचण्या आणि 11,272 स्त्रिया होत्या. औषध तेच, पण उत्तर मात्र ‘कोणाला, कोठे आणि केव्हा’ यावर ठरते.

यातून आपल्या घरांसाठी काय निघते? घरात गर्भवती असेल तर शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवावी आणि सुरुवातीच्या महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल जपून ठेवावा. उपचार द्यावा की नाही, हे पुढे त्या एका कागदावर अवलंबून राहू शकते. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. 102 किंवा 108 या क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे आणि तो कागद सोबत न्यावा. इंजेक्शनाचा निर्णय डॉक्टरांचाच. आपण त्याविषयी विचारावे, हट्ट धरू नये. आणि मोबाइलवर ‘अमुक उपायाने सर्वांना गुण आला’ असा संदेश आला, तर माझ्या जोडीदाराचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आमचे काम अद्याप सुरू आहे, त्यामुळे त्याचे उत्तर मी आज आपल्याला देऊ शकत नाही. पण गेल्या संक्रांतीला अक्का आली होती, तेव्हाचा प्रसंग सांगते. स्वयंपाकघरात मेथी निवडत असताना तिने विचारले,

‘म्हणजे तेव्हा ते इंजेक्शन होतं?’

‘होतं.’

‘मिळालं असतं तर वाचला असता?’

‘हो’ म्हणावेसे फार वाटले. पण मी तिला खरे तेच सांगितले. औषधाचा परिणाम होण्यास काही तास तरी लागतात; पहाटे अक्कलकोटातच ते मिळते, तर कदाचित उपयोग झाला असता. आणि अशा शंभर बाळांमागे सुमारे चार अधिक वाचतात; त्या चारांत आपला बाळ असता की नाही, हे कोणताही आढावा सांगू शकत नाही.

ती बराच वेळ मेथीची पाने खुडत राहिली. मग म्हणाली, ‘चार म्हणजे चार घरं ना?’ आणि थोड्या वेळाने, ‘तुम्ही हे इंग्रजीत लिहिणार. इकडच्या बायकांना कानडीत कोण सांगणार?’

त्याच रात्री मी जोडीदाराला कळवले. आढावा पूर्ण झाला की त्याचा सोप्या भाषेतील सारांश मराठीत मी लिहायचा आणि कानडीत त्याने, असे आमचे ठरले आहे. या वेळी मतभेद झाला नाही.