दुधाविना प्रवास

बेंगळुरूच्या कोरमंगला भागातील 'कॅरट्स' या उपाहारगृहात आम्ही उभयता प्रथम गेलो ते २०१८ च्या फेब्रुवारीत. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला निघालो होतो आणि वाटेत दोन दिवस भाच्याकडे मुक्काम होता. 'व्हेगन' हा शब्द तोवर माझ्या जिभेला नीटसा वळतही नव्हता. मेनूकार्ड हाती येताच सौ.ने विचारले, दूध, दही, तूप, लोणी यांपैकी कशात काय आहे? वाढणारा तरुण नम्रपणे म्हणाला, आमच्या स्वयंपाकघरात त्यांपैकी काही येतच नाही. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटले, प्रश्न सुटला. मग मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला : कांदा, लसूण, बटाटा, आले? तरुण गंभीर झाला. आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला आणि त्या लांबलचक यादीतल्या तीन पदार्थांवर त्याने बोट ठेवले. त्यांपैकी एकात अळंबी होती. उरलेले दोन आम्ही मागवले आणि समाधानाने जेवलो.

कंदमुळांचा नियम आम्हा दोघांचा. दुधाचा नियम तिचा एकटीचा. हे दोन नियम सांभाळत आम्ही गेली काही वर्षे प्रवास करीत आहोत. वाचकांपैकी अनेकांच्या घरी दूध सोडलेले एखादे माणूस आता असेल, बहुधा शिकायला परदेशी गेलेला नातू किंवा नात. आमच्या घरी ते माणूस म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरची गृहिणी होती. आणि तिला दूध सोडायला लावणारा मीच होतो, हे मला फार उशिरा कळले.

१ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आपला यवतमाळ जिल्हा त्यात होताच. कापसाला जोडधंदा असावा म्हणून दुधाळ जनावरे देण्याचाही त्यात भाग होता. त्या सुमारास मी जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. गायी-म्हशींच्या कर्जाची प्रकरणे टेबलावर येत. त्यांचा प्रकल्प अहवाल ठरीव साच्याचा असे. खर्चाच्या बाजूला चारा, सरकीची ढेप, औषधपाणी, विमा. उत्पन्नाच्या बाजूला दूध, शेणखत आणि ढेपेची रिकामी पोतीसुद्धा! वासरांविषयी मात्र खाली एक ओळ असे : वासरांचा संगोपनखर्च त्यांच्या विक्रीमूल्यातून भागेल, म्हणून हिशेबात धरलेला नाही. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर पदवीधराला या ओळीत खटकण्यासारखे काही नव्हते. जमा आणि नावे सारखे झाले की नोंद कशाला?

कर्ज दिल्यानंतर जनावर प्रत्यक्ष आहे की नाही, याची पाहणी करावी लागे. गायीच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला असे. तो तपासायचा, क्रमांक टिपून घ्यायचा. जनावर दगावले तर बिल्ल्यावाचून दावा मंजूर होत नसे. अशाच एका पाहणीला मे महिन्यात गेलो होतो. संकरित गाय गोठ्यात उभी होती, बिल्ला जागेवर होता. बाहेर बाभळीला एक गोऱ्हा बांधलेला होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी सहज विचारले, "याला काही देत नाही का?" तो शेतकरी चिडला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, "गोऱ्हा हाय साहेब. त्याले पाजू तं तुमचा हप्ता कायनं भरू?"

पुढच्या पाहणीच्या वेळी बाभळीखाली दोरीचा तुकडा तेवढा होता. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. अहवालात 'दुधाळ जनावर सुस्थितीत' असे मी लिहिले आणि ते खरेच होते. हप्ते नियमित आले, खाते बंद झाले. त्या शेतकऱ्याला मी आजही दोष देत नाही. त्या वर्षांत ज्या घरांत दुधाचा पैसा येत होता, त्यांतली कितीतरी घरे त्या पैशामुळेच तगली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पहिल्या पाहणीनंतर त्या दिवशी घरी आल्यावर मी हा संवाद सौ.ला सांगितला. खरे तर त्या माणसाच्या हजरजबाबीपणाचे कौतुक म्हणूनच सांगितला. ती विरजण लावत होती. काही बोलली नाही. मीही विसरून गेलो.

२०१७ मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षी दशलक्षण पर्वात, उत्तम त्याग धर्माच्या दिवशी, तिने दूध आणि दुधाचे सारे पदार्थ सोडले. आपल्याकडे रसपरित्याग हे बाह्य तपच आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतला एखादा रस ठरावीक दिवशी वर्ज्य करणारी माणसे प्रत्येक घरात असतात. माझ्या आईचा सोमवारी दुधाचा त्याग असे. इतर दिवशी धार काढल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत दूध गाळून तापलेच पाहिजे, याबद्दल ती घड्याळापेक्षा काटेकोर. म्हणून मी विचारले, "किती दिवसांसाठी?"

"दिवस नाही मोजले."

"अगं, पण कारण काय?"

"तुम्हीच नव्हतं का सांगितलं? हप्त्याचं."

अकरा वर्षे ते वाक्य तिच्याजवळ होते. मला अधिक काही विचारण्याचे धैर्य झाले नाही. खरे सांगायचे तर थोडा रागच आला. चहाचे काय, हा पहिला विचार मनात आला, आणि तो किती क्षुद्र आहे हेही त्याच क्षणी कळले. पण तिने माझ्या चहाला हात लावला नाही. सकाळी साडेसहाला माझा दुधाचा चहा ती पूर्वीसारखाच करते. स्वतःसाठी वेगळ्या पातेल्यात गवती चहा.

अडचण झाली ती घराबाहेर. नातलगांकडे गेल्यावर चहा नाकारणे म्हणजे घरच्या माणसालाच नाकारणे, ही आपली रीत. तिला उपवास आहे का, डॉक्टरांनी सांगितले आहे का, असे प्रश्न होत आणि उत्तर मलाच द्यावे लागे. मी 'पित्त आहे' असे सांगून मोकळा होत असे. ते तिला आवडत नसे.

त्या दिवाळीत पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेलो होतो. यवतमाळच्या माणसाला सेवाग्राम म्हणजे पाहुणे आले की दाखवायचे ठिकाण. त्यामुळे बापू कुटी अनेकदा पाहिलेली. दुधाची कथा मात्र त्या दिवशी प्रथमच नीट आठवली. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील धावपळीनंतर ते मरणाच्या दारी पोचले, तेव्हा डॉक्टरांचे काही चालेना. मार्ग काढला कस्तुरबांनी. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती ना, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती? गांधीजींनी ते मानले, आणि व्रताचे अक्षर पाळले तरी आत्मा मोडला याची खंत आत्मकथेत लिहून ठेवली. कुटीबाहेरच्या झाडाखाली बसून मी हे सौ.ला सांगत होतो. मनात आशा होती की तीही अशी काही वाट काढील.

तिने काढली, पण माझ्यासाठी. म्हणाली, "अहो, घरी तुमचा चहा मी करीनच. पण प्रवासात दोघांसाठी दोन-दोन ठिकाणी विचारत हिंडायला नको. घराबाहेर पडलो की माझा नियम दोघांचा. घरी आलो की तुमचा तुम्हाला." मी होकार दिला. निवृत्त माणसाचे प्रवास असे कितीसे होणार, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला.

म्हणून ते कोरमंगला, आणि त्यानंतर अशी अनेक ठिकाणे. व्हेगन हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला. अंडी-दूध खाणाऱ्या शाकाहारी मंडळींपासून वेगळे व्हायचे म्हणून 'व्हेजिटेरियन'ची पहिली आणि शेवटची अक्षरे जोडून. आपल्याकडे दुधाचा प्रश्न १९७१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या गुरुदेव चित्रभानूंनी आग्रहाने मांडला. तेव्हा तो आपल्याला पुष्कळ परका वाटला असेल. आता सरकारी मुद्रा आहे : अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे व्हेगन अन्नाविषयीचे नियम २०२२ मध्ये आले. नुसत्या हिरव्या ठिपक्यावरून दुधाविषयी काहीच कळत नाही. बडनेरा स्थानकावर सौ. चष्मा लावून बिस्किटांच्या पुड्यांवरील बारीक अक्षरे वाचत उभी राहते, गाडीची घोषणा होत असते आणि माझा जीव टांगणीला लागलेला असतो. बहुतेक पुड्यांत दुधाची भुकटी निघतेच. शेवटी घरचे भाजलेले शेंगदाणे आणि मुरमुऱ्यांचा डबाच उघडतो.

व्हेगन उपाहारगृहात आपली काही कोडी आपोआप सुटतात, हे मला अनपेक्षित होते. कच्चे दही आणि डाळ एकत्र येण्याचा द्विदलाचा दोष तिथे संभवतच नाही. मधाविषयी विचारावे लागत नाही. मद्य, मांस, मधु यांतला मधु तेही वर्ज्य मानतात. दारू मात्र मुबलक मिळते. आणि वेळेचा प्रश्न कायमचा. २०२० च्या जानेवारीत गोव्यात वागातोरच्या 'बीन मी अप'मध्ये गेलो, तेव्हा सूर्यास्तापूर्वी उठायचे म्हणून साडेचारलाच टेबल धरले. काजूचे चीज, सोयाबीनच्या दुधाचे टोफू. टोफू मला आजही ओल्या खडूसारखे लागते; सौ. ते आवडीने खाते. बँकेतल्या माणसाची नजर मेनूकार्डच्या उजव्या रकान्यावर आधी जाते. एवढ्या पैशांत यवतमाळला चार जणांचे जेवण झाले असते, हे मी मोठ्याने बोललो नाही.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क परदेशी बाई होत्या. आम्ही कांदा का खात नाही, असे त्यांनी विचारले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सौ.ने स्वतःच सांगितले : कंद उपटला की सगळे झाडच जाते, आणि त्यासोबत मातीतले किती जीव जातात. बाईंना ते इतके पटले की त्या वहीत लिहून घेऊ लागल्या. मग अगदी सौम्य आवाजात त्यांनी विचारले, "तुमची साडी रेशमाची आहे का?"

साडी रेशमाचीच होती. आपल्यातही पूजेला रेशीम न नेसणारे पुष्कळ आहेत. कोशातल्या जिवांची गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असे नाही. सौ. खोलीवर येईपर्यंत बोलली नाही. त्यानंतर तिने नवी रेशमी साडी घेतलेली नाही. लग्नातला शालू मात्र अजून ट्रंकेत आहे. तो कुणाला द्यावा की ठेवावा, हे तिचे ठरत नाही आणि मी सुचवत नाही.

श्रवणबेळगोळला ५७ फुटांच्या बाहुबलींच्या मस्तकावरून दूध वाहू लागले, तेव्हा जयघोषात सगळ्यांबरोबर तिचेही हात जोडलेले होते. डोळे मिटलेले होते. भक्तीने मिटले होते की आणखी कशाने, हे विचारायचे मी आजवर टाळले आहे.

आमचे दोन्ही नियम न विचारता एका ताटात सापडले ते मोठ्या शहरात नाही. मागच्या उन्हाळ्यात वर्ध्याला जाताना कळंबच्या पुढे एका टपरीवजा खानावळीत थांबलो. ज्वारीची भाकरी, तुरीचे साधे वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. आम्ही कांदा-लसूण खात नाही म्हटल्यावर बाईंनी चटणी पुन्हा कुटून दिली. सौ.ने सवयीने विचारले, "वरणात तूप नाही ना घातलं?"

बाई हसल्या. "तूप कुठचं जी ताई! दूध तं डेअरीवर जाते. लेकराईले चहापुरतं राह्यलं तं राह्यलं."

मागे गोठ्यात गाय होती. कानात पिवळा बिल्ला होता. मी नकळत तिच्या आसपास वासरू शोधू लागलो. होते, कालवड होती, आणि चांगली गुटगुटीत होती. कालवडीला पाजतात, तिचा हिशेब पुढे जमेत येतो. सौ.नेही तिकडे पाहिले. दोघेही काही बोललो नाही. बाईंनी ताटाचे पैसे सांगितले, सौ.ने वर पन्नास रुपये ठेवले, ते त्यांनी परत केले.

वर्ध्याला काम आटोपल्यावर रिवाजाप्रमाणे गोरस भांडारात गेलो. शेजाऱ्यांना आमच्याकडून गोरसपाक लागतो, तो न आणता परतलो तर ते रागावतात. त्यात गायीचे तूप असते, म्हणून मी दारातच रेंगाळलो. प्रवास चालू होता, म्हणजे नियम तिचा होता. तीच पुढे होऊन रांगेत उभी राहिली आणि दोन पुडे घेऊन आली. परतीच्या एस.टी.त गर्दी होती. पुडे चुरडू नयेत म्हणून यवतमाळ येईपर्यंत तिने ते मांडीवर धरून ठेवले होते.