माथेरान : ज्याच्या त्याच्या पायाची वाट

बाजरीची सुगी उरकली, गव्हाला पहिले पाणी देऊन झाले, गाई धाकट्या भावाच्या हवाली केल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात आम्ही घरची पाच माणसे माथेरानला निघालो. आबांची कुरकुर मात्र सुरूच होती. "डोंगर बघायला पैसे मोजायचे? आपल्या शिवारात काय डोंगर नाही?"

खरे कारण निराळे होते. सत्तरी ओलांडलेल्या आबांचे गुडघे दोन वर्षांपासून धरत होते. जन्मभर नांगरामागे चाललेल्या माणसाला "मला चालवत नाही" असे सुनेसमोर म्हणणे जड जात होते.

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. उंची सुमारे ८०० मीटर. वस्ती लहान, २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारही भरली नाही. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट येथे आला आणि पुढे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून गाव वाढले. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी आगगाडी वर आणली. जेमतेम २१ किलोमीटरचा मार्ग, पण वळणे घेत चढायला दोन तासांहून अधिक लागतात. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढे पाय, घोडा, नाहीतर अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी. तेथे पालिकेचा प्रवेश कर भरावा लागतो.

नाक्यावर हातरिक्षावाले पुढे आले. दोन-तीन माणसे मिळून ओढत-ढकलत ती रिक्षा. मी आबांना म्हटले, "बसा." आबा ताठ उभे राहिले. "माणसांनी मला न्यायचे ते एकदाच, शेवटच्या दिवशी. आजच कशाला?" आणि काठी टेकत चालू लागले. (हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. आबांना ते वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बरे झाले.")

पण आबांची वाट सोपीच निघाली. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर वाट रुळांच्या सोबतीने जाते. चढ अगदी थोडा, वर झाडांची सावली, पायाखाली तांबडी माती. वृद्धांनी, लेकुरवाळ्यांनी हीच वाट धरावी. घाई नसावी. आबा आणि आई चार ठिकाणी बसले, पण पोहोचले.

दुसऱ्या दिवशी मधली वाट. बाजारातून शार्लोट तलाव, शेजारचे पिसरनाथाचे देऊळ, इको पॉइंट आणि लुईझा पॉइंट. चढउतार आहे, पण धडधाकट माणसाला अर्धा दिवस पुरतो. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. तलावाचे पाणी गावाला प्यायला जाते, म्हणून त्यात पाय धुऊ नयेत. आई देवळापर्यंत आली आणि तेथेच बसली. "मला देव भेटला, तुम्ही कडा बघून या."

तिसरी वाट दमदार पायांची. गार्बट पॉइंट लांब आहे. वन ट्री हिलजवळून खाली उतरणारी शिवाजीची शिडी तर उभी आणि खडकाळ. आम्ही गार्बट धरला. वाटले, मी आणि मुलगा जाऊ, ही थांबेल. अर्ध्या वाटेत माझाच श्वास लागला. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाडीत वाढलेली आमची मंडळी मात्र मुलाच्या पुढे! मी एका दगडावर बसलो आणि दोघे कडा पाहून आले. तेव्हा वाचकहो, वाट निवडताना वय किंवा बाई-पुरुष पाहू नका, पाय पाहा.

या वाटांवर सकाळी लवकर निघावे, पाणी जवळ ठेवावे, अंधारापूर्वी परतावे. सपाट, गुळगुळीत तळव्याची चप्पल मुरमावर घसरते. कड्याच्या टोकाला जाऊ नये. हातातला खाऊ माकडे पळवतात. घोडा करायचा तर भाडे आधी ठरवावे.

परतलो तर आबा बाजारात एका बाईशी बोलत बसले होते. ती खालच्या वाडीतून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन डोंगर चढून आली होती. संध्याकाळी पुन्हा उतरणार होती. आबांनी तिला भाव विचारला, मेथीची जुडी घेतली आणि घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच!

रात्री जेवताना ते आपणहून म्हणाले, "गुडघे गेलेत माझे. दवाखान्यात दाखवायला हवेत." आईने मान खाली घालून भाकरी मोडली. दोन वर्षे घरात कोणी काढू शकले नव्हते ते शब्द.

आम्हा शेतकऱ्यांना पंढरीची वाट माहीत असते, बाजाराची माहीत असते. नुसते सोबत चालण्यासाठी चालणे ठाऊक नसते. सुगीनंतर दोन दिवस काढा. लांबचे माथेरान नको, तर जवळचा डोंगर चालेल. मात्र घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाची वाट आधी ठरवा, बाकीच्यांच्या मागाहून.