कारवीचे फूल

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे मी वर्गात विचारी, तेव्हा मुले एका सुरात उत्तर देत, "कळसूबाई, उंची १६४६ मीटर!" उत्तर अचूक असे; पण उंची पाठ करणे निराळे आणि डोंगर ओळखणे निराळे.

मी नुकताच शिक्षक झालो होतो. भाद्रपदातल्या एका सकाळी अकोले तालुक्यातील बारी गावाहून मी शिखराकडे निघालो. वाट दाखविण्यास गावातील एक वृद्ध महादेव कोळी बाबा बरोबर होते. भातखाचरे मागे पडली आणि काळ्या कातळाचे एकावर एक रचलेले थर दिसू लागले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थराथरांनी थिजला. पुढे पावसापाण्याने तो कोरून काढला आणि त्यातून सह्याद्रीची ही शिखरे उभी राहिली.

एका वळणावर मी थक्क होऊन थांबलो. सारा उतार निळ्याजांभळ्या फुलांनी झाकून गेला होता. ती कारवी होती. मोह न आवरून मी फुललेल्या चार फांद्या मोडून घेतल्या. बाबा क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले,

"गुरुजी, सात पावसाळं वाट बघून फुलली हो ही. आता बी धरायचं नि मरून जायचं, एवढंच तिचं काम. तुम्ही तिचं बीच खुडलंत."

मी ओशाळलो. चढता चढता त्यांच्याकडून मला कळले, की कारवीच्या काठ्यांनीच त्यांच्या घरांचे कूड उभे राहतात, तिच्या फुलांवर मधमाश्या पोसतात आणि तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात.

माथ्यावर पोचलो, तेव्हा ढग सरले. खाली प्रवरेवरील भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते; अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग खांद्याला खांदा लावून उभे होते. देवीच्या इवल्याशा मंदिरापुढे मी हात जोडले, तेव्हा त्या फांद्या पार कोमेजून गेल्या होत्या.

पुढे १९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. निवृत्तीनंतर मी पुन्हा त्या वाटेने गेलो. बाबा आता हयात नव्हते. कारवी फुलली नव्हती; हिरवीगार, मुकाट उभी होती. एका मुलाने सहज तिची फांदी वाकविली. मी त्याला रागावलो नाही, एवढेच म्हणालो, "बाळ, ती वाट पाहते आहे."

त्याने फांदी अलगद सोडून दिली.