संगणक हळू झाला? आधी नोंदी वाचवा



आज आजार माणसाचा नाही, संगणकाचा आहे. पण त्याचा तुमच्या तब्येतीशी संबंध आहे, म्हणून लिहितो.

औशातल्या माझ्या दवाखान्यात दहा वर्षांहून जुना संगणक आहे. किल्लारी, लामजना या भागातून येणाऱ्या मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यात आहेत. मागच्या उन्हाळ्यात तो एकदम मंदावला. एक फाईल उघडायला दोन-तीन मिनिटे लागू लागली. समोर रुग्ण ताटकळत बसायचे.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणाले फॉरमॅट मारा, कुणी म्हणाले क्लीनर टाका, कुणी डीफ्रॅग सांगितले. पण ताप हा जसा आजार नसून लक्षण असतो, तसेच मंदपणाचे आहे. निदानाआधी औषध द्यायचे नसते.

म्हणून पहिले काम केले ते सगळ्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचे. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर डीफ्रॅगसारखे ताण देणारे उपाय तिला लवकर संपवतात. टकटक आवाज येत असेल तर संगणक बंद करून लगेच जाणकाराला गाठावे.

मग तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर जेमतेम १० टक्के आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत होती. म्हणजे मेंदू रिकामा बसलेला आणि डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघणारा.

असे का होते? जुन्या हार्डडिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी तबकडी असते. तिच्यावरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती वाचायची, तर सेकंदाला शंभरेक वाचने होतात. त्यात एखादी जागा खराब झाली, की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि आपण पडद्याकडे बघत बसतो.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. आमच्या डिस्कवर पिवळा इशारा होता. काही खराब जागा बदललेल्या, काही वाचताच न येणाऱ्या. हा अहवाल चांगला आला असता, तर कारण दुसरीकडे शोधावे लागले असते: अपुरी रॅम, गच्च भरलेली डिस्क, मागे चाललेले अँटिव्हायरसचे स्कॅन किंवा सैल झालेली केबल.

आम्ही डिस्क बदलून एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे त्याच जुन्या संगणकावर फाईल आता दोन-चार सेकंदांत उघडते. पण एसएसडीही कधी काही न सांगता बंद पडते, म्हणून रोजची प्रत घेणे चालूच आहे. लाईट जाते म्हणून यूपीएसही आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, एखाद्या आजींचे क्रिएटिनिन १.१ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर ते मर्यादेत दिसते. पण चार वर्षांपूर्वी ते ०.७ होते हे समोर असेल, तर मूत्रपिंडाचे काम बरेच कमी झाले आहे हे लगेच कळते. एकट्या आकड्यावरून हे समजत नाही, मागचे आकडे लागतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. मधुमेह मात्र तीन वर्षांत संपत नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. दवाखान्यात येताना ती फाईल सोबत आणा.